जुन्या सेमी-ऑटोमॅटिक शिकारी रायफलसाठी घरी काडतुसे भरताना

मिशिगनमधल्या एका रेंजवर काही वर्षांपूर्वी मी माझ्या रेमिंग्टन ७४२ मधून उडालेली एक रिकामी पुंगळी उचलली, तेव्हा तिच्या बुडाचा काठ एका बाजूला नखाने ओढल्यासारखा ओरबाडलेला दिसला. मी दुर्लक्ष केले. पुढच्या बाराला पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेतच, अडकली, एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तिचा काठ तोडून रिकामा मागे आला, आणि शेवटी नळीच्या तोंडातून सफाईची सळई घालून ती पुंगळी ठोकून काढावी लागली. काडतुसे मीच घरी भरलेली होती. त्याच डब्यातली, त्याच दिवशी भरलेली काडतुसे एका मित्राच्या, हाताने मूठ ओढून चालवायच्या, बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलमधून एकही तक्रार न करता चालत होती, आणि त्यामुळेच काडतुसांत काही खोट असेल हे मला बराच वेळ पटत नव्हते.

खोट होती, पण मित्राचा हात ती झाकत होता. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये काडतूस किंचित जाड किंवा लांब असेल तर मूठ खाली दाबताना हाताला जडपणा कळतो, आणि आपण नकळत थोडा जोर लावून ते आत बसवतो. काढतानाही तसेच, कारण नळीतला दाब तोवर पूर्ण ओसरलेला असतो आणि हाताला तरफेचा फायदा मिळतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम एका स्प्रिंगवर आणि थोड्याशा वायूवर सोपवलेले असते. स्प्रिंग जेवढे ढकलेल तेवढेच काडतूस आत जाते, आणि पुंगळी बाहेर ओढली जाते तेव्हा चेंबरमध्ये थोडा दाब अजून शिल्लक असू शकतो. हाताला जे जाणवले असते ते येथे मोजून ठरवावे लागते, आणि या लेखातल्या बहुतेक पायऱ्या त्या मोजण्याविषयीच आहेत.

हा लेख मुख्यतः वायूवर चालणाऱ्या जुन्या अमेरिकन शिकारी रायफलींपुरता आहे. १९५५ ची रेमिंग्टन ७४०, १९६० ची ७४२ वुड्समास्टर, १९८१ ची ७४००, १९६१ ते १९७३ या काळातली विंचेस्टर मॉडेल १०० आणि १९६७ पासूनची ब्राउनिंग बीएआर या त्यांपैकी सर्वाधिक दिसणाऱ्या. उदाहरणे .३०-०६, म्हणजे ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या १९०६ पासून चालत आलेल्या काडतुसाची घेतली आहेत, कारण माझ्या ७४२ ची नळी तीच आहे.

कायद्याचे दोन शब्द आधी सांगणे भाग आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीलाही बंदी आहे, त्यामुळे पुणे-नागपूरच्या वाचकांनी हे केवळ माहिती म्हणून वाचावे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, पण भरलेली काडतुसे विकायचा धंदा करायला लागतो. आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचे म्हणजे एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला तिथला केंद्रीय कायदा बंदूकच नव्हे तर काडतूसही बाळगू देत नाही. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, परंतु ते आपल्याला लागू होतात की नाही हे वकिलाला विचारूनच ठरवावे. ग्रीनकार्डधारकांना ही बंदी नाही. राज्याराज्यांचे नियमही वेगळे असतात. पेनसिल्व्हेनियात हरणासारख्या मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, आणि म्हणूनच तिथल्या जुन्या शिकाऱ्यांच्या घरी ७४२ ऐवजी तिची हाताने ओढायची बहीण ७६० भिंतीवर दिसते.

आधी रायफल तपासा

जुन्या रायफलसाठी काडतुसे भरायला बसण्यापूर्वी एक संध्याकाळ रायफललाच द्यावी. मॅगझीन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करून, चेंबरमध्ये प्रकाश टाकून पाहावे. ७४० आणि ७४२ च्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. या रायफलींची नळी मागच्या बाजूने साफ करता येत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मालकांनी नळीच्या तोंडातून एक चिंधी फिरवली आणि चेंबर तसेच सोडले. तिथे काजळी, जुने तेल आणि ओल यांनी बारीक खड्डे पडतात. बार उडताना पितळ फुगून त्या खड्ड्यांत शिरते आणि बाहेर येताना आडते. माझ्या ओरबाडलेल्या काठाचे निम्मे कारण हेच निघाले. चेंबरचा वेगळा, जाड ब्रश मिळतो. तो लवचिक सळईला लावून पुंगळी बाहेर फेकली जाण्याच्या खिडकीतून आत घालावा, द्रावण लावून फिरवावा आणि शेवटी चेंबर कोरडे पुसावे. कोरडे हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरून राहत नाही आणि तिचा सगळा धक्का बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या तुकड्यावर, येतो.

मग रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो त्या चौकटीच्या, आत, बोल्ट ज्या रुळांवरून सरकतो ते रूळ पाहावेत. ७४२ च्या बोल्टला लहान लहान दातांच्या ओळी आहेत. वर्षानुवर्षे जोरकस काडतुसे वापरली असतील तर या भागांच्या मारामुळे रुळांवर पाट्यावरच्या टाक्यांसारख्या खाचा पडलेल्या दिसतात. थोड्या घासल्याच्या खुणा चालतात, पण नखाला अडकणाऱ्या खाचा असतील तर ती रायफल जाणकार गनस्मिथला दाखवावी, आणि तो नको म्हणाला तर तिच्यासाठी काडतुसे भरण्याचा विचार सोडून द्यावा. झिजलेले रूळ हलक्या काडतुसांनी भरून येत नाहीत. ७४०० मध्ये याच बोल्टला चार मोठे दात दिले गेले.

विंचेस्टर १०० असेल तर पहिला प्रश्न फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसावर आदळून बार उडवणाऱ्या सुईचा. जुनी पिन तुटून बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच बार उडण्याचा धोका असल्यामुळे १९९० मध्ये उत्पादकाने या रायफली पिन बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. आपल्या हातातल्या रायफलची पिन बदलली आहे याची खात्री होईपर्यंत त्यात एकही काडतूस घालू नये, दुकानातलेही नाही.

पुंगळ्यांची निवड

पुंगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच खेपेच्या आणि शक्यतो आपल्याच रायफलमधून उडालेल्या असाव्यात. रेंजवर वेचलेली फुकटची पुंगळी मोहात पाडते, पण ती कुठल्या ढिल्या चेंबरमधून आली हे तिच्या तोंडावर लिहिलेले नसते. लष्करी पुंगळ्यांच्या भिंती अनेकदा जाड असतात. आतली जागा कमी झाल्याने तेवढ्याच दारूला दाब जास्त येतो, आणि प्रायमरच्या, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीच्या, खोबणीभोवती दाबून बसवलेली कडा कापून काढावी लागते. सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

प्रत्येक पुंगळी हातात फिरवून पाहावी. मानेला चीर, काठाला फाटा किंवा वाकडेपणा, प्रायमरभोवती काजळीचे कडे, यांपैकी काहीही असेल तर ती बाद. पुंगळी बाहेर फेकली जाताना रिसीव्हरला आपटून मानेला चपटेपणा येतो, तो मात्र साइझिंगमध्ये, म्हणजे पुंगळी दाबून पुन्हा मापावर आणताना, निघून जातो. खरा शत्रू बुडाच्या थोडे वर, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते तिथे असतो. दरवेळी बार उडताना पितळ तिथे ताणले जाते आणि आतून एक खाच पडते. बाहेरून कधी चमकदार रेघ दिसते, कधी दिसतच नाही. यासाठी एक साधी तार घ्यावी, कागदाला लावायची क्लिप सरळ केली तरी चालते, तिचे टोक जेमतेम दाण्याएवढे काटकोनात वाकवून तासून टोकदार करावे, आणि पुंगळीच्या आत भिंतीवरून बुडापासून वर ओढत आणावे. टोक कुठे अडखळले की पुंगळी बाद. पहिल्यांदा हे करताना दोन-तीन फेकायच्या पुंगळ्या करवतीने उभ्या चिरून आत पाहाव्यात. आत दिसणारी खाच आणि बोटाला जाणवलेली अडखळ यांची एकदा सांगड बसली की मग बोट चुकत नाही.

साइझिंग: इथे घाई करू नका

बार उडाला की पितळ चेंबरएवढे फुगते आणि दाब गेल्यावर किंचित आखडते. साइझिंग डाय हा साचा त्या पुंगळीला पुन्हा दाबून मूळ मापावर आणतो. नेहमीचा डाय बहुतेक वेळा पुरतो. ७४२, विंचेस्टर १०० आणि बीएआर यांच्यासाठी मात्र मी स्मॉल बेस डाय घेण्याचा सल्ला देईन. तो पुंगळीचे अंग बुडाजवळ थोडे अधिक आवळतो, आणि या रायफलींच्या स्प्रिंगला नेमके तेवढेच हवे असते. यामुळे पितळ लवकर थकते हा आक्षेप खरा आहे, पण जंगलात अर्धवट बंद झालेल्या बोल्टपुढे चार पुंगळ्यांची किंमत काहीच नाही.

डायपेक्षा महत्त्वाचे म्हणजे तो प्रेसमध्ये, म्हणजे दाबायच्या यंत्रात, किती खाली बसवला आहे. पुंगळीचा खांदा, म्हणजे अंग आणि मान यांमधला उतरता भाग, किती मागे ढकलायचा हे त्यावर ठरते. बोल्ट-अ‍ॅक्शनसाठी एक-दोन थाऊ पुरतात. ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे भोसरी-पिंपरीच्या कारखान्यात काम केलेल्यांना सांगायला नको. सेमी-ऑटोमॅटिकसाठी तीन ते पाच थाऊ लागतात. कमी ढकलला तर बोल्ट पूर्ण बंद होणार नाही. जास्त ढकलला तर काडतूस चेंबरमध्ये सैल बसून प्रत्येक बाराला बुडाजवळ ताणले जाईल आणि मघाशी सांगितलेली खाच दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच पडेल. म्हणजे दोन्ही बाजूंना धोका आहे, आणि अंदाजाने हे जमत नाही.

मोजण्यासाठी कॅलिपरला लावायचा हेडस्पेस कंपॅरेटर घ्यावा. आपल्या रायफलमधून उडालेल्या पाच पुंगळ्या घ्याव्यात, त्यांचे प्रायमर काढून टाकावेत, कारण प्रायमरचा फुगवटा मापात येतो, आणि बुडापासून खांद्यापर्यंतचे माप लिहून ठेवावे. येथे एक गोम आहे. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पुंगळी दाब असतानाच ओढली जाऊ शकते, त्यामुळे तिचा खांदा चेंबरपेक्षा थोडा पुढे ओढला गेलेला असण्याची शक्यता असते. म्हणून या मापावरच विसंबू नये. सोबत पोलादी केस गेज वापरावे, ज्यात पुंगळी टाकली की बूड दोन पायऱ्यांच्या मध्ये आले पाहिजे. आपल्या मापातून चार थाऊ वजा करून आलेली पुंगळी गेजच्या वरच्या पायरीच्या वर उभी राहत असेल तर गेजचे ऐकावे.

आता डाय. तो आधी सैल ठेवून, पुंगळीला वंगण लावून दाबावी आणि मोजावी. पहिल्या एक-दोन दाबांत खांद्याचे माप कमी होण्याऐवजी वाढलेले दिसेल आणि नवखा माणूस गोंधळेल. अंग आवळले जाताना पितळाला जायला जागा नसते, म्हणून खांदा आधी पुढे सरकतो. डाय आणखी खाली आला की मग तो मागे जातो. डायच्या आट्या इंचाला चौदा असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा ७१ थाऊंचा. घड्याळाच्या तबकडीवरच्या एका मिनिटाएवढे डाय फिरवला तर तो साधारण सव्वा थाऊ सरकतो. मी पहिल्यांदा ‘थोडासा’ म्हणून पाव फेरा फिरवला होता आणि अठरा थाऊंचा घोळ घालून बसलो होतो. एकदा माप मिळाले की लॉक-रिंग घट्ट करावी, डायवर आणि प्रेसवर जोडून एक रेघ मारावी, आणि त्यानंतरही दर दहाव्या पुंगळीला मोजावे.

वंगण बोटाच्या टोकाएवढे, अंगाला आणि मानेच्या आत. कमी झाले तर पुंगळी डायमध्ये अडकते आणि दुपार वाया जाते. जास्त झाले तर खांद्यावर तेलाचा खड्डा उमटतो. साइझिंगनंतर ते पूर्ण पुसून किंवा धुऊन काढावे, कारण मघाशी चेंबरबद्दल जे सांगितले तेच वंगण लागलेल्या पुंगळीलाही लागू आहे.

माझ्या त्या अडकलेल्या पुंगळीचे उरलेले निम्मे कारण इथे होते. मी डाय मित्राच्या रायफलच्या मापावर लावला होता आणि माझ्याही पुंगळ्या त्यातूनच काढल्या होत्या. त्या गेजमध्ये टाकून पाहिल्या असत्या तर बूड वर उभे राहिलेले दिसले असते.

लांबी आणि प्रायमर

दाबताना पितळ मानेकडे वाहते, म्हणून पुंगळी लांब होते. .३०-०६ ची कमाल लांबी २.४९४ इंच, आणि कापायची २.४८४. .३०८ विंचेस्टरसाठी हेच आकडे २.०१५ आणि २.००५. लांब मान चेंबरच्या पुढच्या कडेला दाबली गेली तर ती गोळीला चिमट्यात धरते आणि दाब धोकादायक चढतो. कापल्यावर तोंडाच्या आतली-बाहेरची कूस काढावी.

प्रायमरच्या बाबतीत मी आग्रही आहे. खोबणी साफ करून प्रायमर हाताच्या साधनाने, तळाला टेकल्याचे जाणवेपर्यंत बसवावा. तो पुंगळीच्या बुडाच्या तीन ते पाच थाऊ आत हवा. प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या काचेच्या तुकड्यावर उभ्या कराव्यात. जी डुगडुगते तिचा प्रायमर उंच आहे, ती बाजूला काढावी. हाताने चालवायच्या रायफलमध्ये उंच प्रायमर निभावून जाईल, पण जिथे बोल्ट स्प्रिंगच्या जोराने आदळतो तिथे तो चाप न ओढताच बार उडवू शकतो. एम-१ गॅरंडसारख्या जुन्या लष्करी रायफलमध्ये फायरिंग पिनला मागे धरणारी स्प्रिंगच नसते, म्हणून तिच्यासाठी काही जण लष्करी धर्तीचा, कवच कठीण असलेला सीसीआय ३४ प्रायमर वापरतात. रायफल कोणतीही असो, एकटे काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून वरून बोल्ट सोडू नये. ते मॅगझीनमधूनच जाऊ द्यावे, म्हणजे वाटेत बोल्टचा वेग कमी होतो.

दारू

या लेखात मी दारूचे एकही वजन देणार नाही. ते गोळीच्या वजनावर, पुंगळीच्या जातीवर आणि दारूच्या नावावर ठरते, आणि त्यासाठी दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीचे छापील, चालू आवृत्तीचे पुस्तक विकत घ्यावे. कुणी मित्राने सांगितलेला आकडा, मग तो मित्र कितीही भरवशाचा असो, घेऊ नये.

मी सांगू शकतो ते कारण. नळीत ठरावीक अंतरावर एक बारीक भोक असते. गोळी त्याच्यापुढे गेली की मागचा वायू त्यातून खाली शिरतो, धक्का देतो आणि बोल्ट मागे जातो. पुस्तकातला कमाल आकडा चेंबरमधल्या दाबावर ठरवलेला असतो. भोकाशी किती दाब येतो हे तक्त्यात नसते. सावकाश जळणारी दारू चेंबरमध्ये मर्यादेत राहूनही भोकापर्यंत दाब टिकवून ठेवते, आणि बोल्ट वेळेआधी व जास्त वेगाने मागे फेकला जातो. ओरबाडलेले काठ आणि रुळांवरच्या खाचा यांतून येतात. म्हणून या रायफलींना मध्यम वेगाने जळणारी दारू मानवते. .३०-०६ साठी आयएमआर ४८९५, एच ४८९५ आणि आयएमआर ४०६४ ही जुनी, तपासलेली नावे. गॅरंडमध्ये चुकीच्या दारूने ऑपरेटिंग रॉड वाकतो, म्हणून काही पुस्तकांत तिच्यासाठी वेगळा तक्ता असतो. वायूवर चालणाऱ्या इतर जुन्या रायफलींनाही तो तक्ता पाहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनापासून आरंभ करावा आणि अर्ध्या ग्रेनने वर जावे. ग्रेन हे फार लहान माप आहे. एका पौंडात ७,००० ग्रेन बसतात, आणि आपल्या सोनाराची एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. म्हणजे अर्धा ग्रेन हा पाव गुंजेचा फरक, आणि तो काटा सपाट टेबलावर, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर आणि शून्यावर आहे की नाही यावर अवलंबून आहे. दर बैठकीच्या आधी काट्यावर माहीत असलेले वजन ठेवून पाहावे. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा. ४८९५ ची योग्य भरती .३०-०६ ची पुंगळी बरीचशी भरून टाकते, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तर ती बाहेर सांडते, हा या दारूचा आणखी एक गुण. तरीही गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून विजेरीने प्रत्येकीच्या तोंडात पाहावे. ज्या एकीत दारू नसते तिच्यातली गोळी प्रायमरच्या जोराने नळीत मध्येच अडकते, आणि बोल्ट हाताने ओढून पुढचा बार काढला तर नळी फुटते.

गोळी बसवणे

मॅगझीनमधून चेंबरकडे जाताना गोळीचे टोक उतारावर आदळते आणि गोळी आत दाबली जाऊ शकते. बोल्ट थांबताना उलट ती जडत्वाने पुढे सरकू शकते. म्हणून मानेची पकड चांगली हवी. साइझिंगनंतर मानेचा आतला व्यास .३०८ इंचाच्या गोळीपेक्षा दोन-तीन थाऊ कमी असावा. भोवती खाच असलेली गोळी निवडावी आणि पुंगळीचे तोंड त्या खाचेत हलकेच आवळावे. सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या असतील तरच हे आवळणे सारखे होते. जोरात आवळले तर खांदा फुगतो आणि साइझिंगची सगळी मेहनत पाण्यात जाते. संपूर्ण काडतुसाची लांबी .३०-०६ साठी ३.३४० इंचांपेक्षा जास्त नसावी आणि मॅगझीनमध्ये ते मोकळेपणी हलले पाहिजे. अचूकतेसाठी गोळी नळीतल्या पिळाच्या सुरुवातीजवळ नेण्याचे बोल्ट-अ‍ॅक्शनवाल्यांचे खेळ इथे करू नयेत.

डमी, मग रेंज

एकही खरे काडतूस भरण्याआधी प्रायमर आणि दारूशिवाय तीन डमी बनवाव्यात. घरात तपासणी फक्त यांनीच करायची. डमीची लांबी मोजून ती मॅगझीनमध्ये घालावी, बोल्ट पूर्ण जोराने सोडावा, काढून पुन्हा मोजावे, आणि हे तीनदा करावे. गोळी दोन-तीन थाऊपेक्षा जास्त हलली तर पकड कमी आहे. बोल्ट पूर्ण बंद झाला की नाही हे आवाजावरून ठरवू नये, डोळ्याने पाहावे. तो किंचित जरी बाहेर राहिला तर पुन्हा गेजकडे वळावे.

रेंजवर पहिल्या वेळी मॅगझीनमध्ये एकच काडतूस घालावे. बार झाला की पुंगळी कुठे पडली ते पाहावे आणि ती उचलून बूड बघावे. काठ स्वच्छ, मान फक्त थोडी चपटी, पुंगळी काही फुटांवर पडलेली, असे असेल तर भरती मानवली. पुंगळी खूप लांब उडाली आणि काठ ओरबाडला तर वायूचा धक्का जास्त आहे. बोल्ट अर्ध्यावर परतला किंवा पुंगळी खिडकीत अडकली तर धक्का कमी आहे, पण लगेच दारू वाढवायला धावू नये. आधी दस्त्याच्या पुढच्या भागाखालचे वायूचे भोक आणि त्याची नळी साफ करून पाहावी. माझ्या अनुभवात दुबळी दिसणारी भरती बरेचदा काजळीचीच निघाली. एकातून समाधान झाले की दोन, मग तीन. आवाज दबका आला तर थांबावे, मॅगझीन काढावे आणि नळी आरपार दिसते का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. रायफल तापली असेल तर काडतूस चेंबरमध्ये ठेवून गप्पा मारत बसू नये.

ज्यांना हे जसेच्या तसे लागू नाही

जॉन ब्राउनिंग यांच्या रेमिंग्टन मॉडेल ८ ला आणि तिच्या मागून आलेल्या मॉडेल ८१ ला वायूचे भोकच नाही. बार होताच नळी आणि बोल्ट एकत्रच मागे जातात, मग नळी आधी पुढे येते. त्यांच्या .३५ रेमिंग्टन काडतुसाला प्रति चौरस इंच ३३,५०० पौंडांची मर्यादा आहे, तर .३०-०६ ला ६०,००० ची. त्या काडतुसाचा खांदाही अगदी अरुंद आहे, त्यामुळे तो मागे ढकलताना तीन थाऊंच्या पुढे जाऊ नये आणि प्रायमर बसवताना किंवा तोंड आवळताना त्याला दाब बसू देऊ नये. रुगरच्या .४४ कार्बाइनमध्ये उघड्या शिशाची गोळी वापरू नये, कारण शिसे वायूच्या भोकात जमते. तांब्याचे आवरण असलेलीच घ्यावी. विंचेस्टरच्या १९०५, १९०७ आणि १९१० च्या रायफलींत बोल्ट कुलूपबंद होतच नाही, तो फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने बंद धरलेला असतो, म्हणून जास्तीचा प्रत्येक ग्रेन थेट रिसीव्हरवर आदळतो. त्यांच्यासाठी हा लेख नव्हे.

पुंगळीचा हिशेब

प्रत्येक डब्यावर पुंगळीची जात, किती वेळा भरली, दारू आणि तिचे वजन, गोळी, प्रायमर, खांद्याचे माप आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी. दारू नेहमी तिच्या मूळ डब्यात, थंड आणि कोरड्या जागी, प्रायमरपासून वेगळी ठेवावी.

पितळ वारंवार दाबले गेले की कडक होते. पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर ठोके घालणारा कारागीर मध्येच भांडे भट्टीत का घालतो, त्याचे कारण हेच. पुंगळीची मान तशीच तापवून मऊ करता येते, पण बूड तापवले तर ते मऊ पडून जीवघेणे होते, आणि जुन्या सेमी-ऑटोमॅटिकसाठी तो खटाटोप मला फायद्याचा वाटत नाही. मी माझ्या ७४२ च्या पुंगळ्या चार वेळा भरतो. पाचव्यांदा हातात आली की तार आत फिरवतो, काही अडखळले नाही तरी पकडीने तिची मान चेपतो, म्हणजे ती चुकून परत डब्यात जाणार नाही, आणि पितळाच्या मोडीत टाकतो.